कंपनीचं नाव ऐकलेलं नाही, मग स्पीकर घ्यायचा का?



गटाच्या बैठकीला गेलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. कुणाला घरी टीव्हीला जोडायला होम थिएटर घ्यायचं असतं. कुणाच्या मुलाला ब्लूटूथ स्पीकर हवा असतो. भजनी मंडळ असलेल्या गटाला माईक लावता येईल असा ट्रॉली स्पीकर पाहिजे असतो. नांदगाव, मनमाड नाहीतर मालेगावच्या दुकानात गेलं की दुकानदार दोन डबे पुढे ठेवतो. एकावर ओळखीचं नाव आणि किंमत जास्त. दुसऱ्यावर कधी न ऐकलेलं नाव, किंमत निम्मी, आणि वरून रंगीत लाइट. मग तुम्ही विचारता, "मॅडम, ही कंपनी चांगली आहे का हो?"

या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. कारण नुसत्या नावावरून फारसं काही कळतच नाही. म्हणून हा एक प्रश्न तीन प्रश्नांत वाटून घ्या. पहिला, या नावामागे खरोखर कोण उभं आहे? दुसरा, डब्यावर लिहिलंय तेवढं आत आहे का? आणि तिसरा, बिघडला तर दुरुस्त कोण करणार? ही तिन्ही उत्तरं पैसे देण्याआधी मिळवता येतात. त्याला फार शिक्षण लागत नाही. थोडं वाचावं लागतं, थोडं ऐकावं लागतं आणि न लाजता विचारावं लागतं.

एवढा विचार कशासाठी?

समजा, एका ताईंनी गटातून ६,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज घेतलं आणि होम थिएटर आणलं. व्याज महिना २ टक्के, दहा हप्ते, दर महिन्याला ६०० रुपये मुद्दल. व्याज उरलेल्या मुद्दलावर धरलं तर पहिल्या महिन्यात १२०, मग १०८, असं घटत घटत शेवटच्या महिन्यात १२ रुपये. एकूण व्याज होतं ६६० रुपये. म्हणजे स्पीकर पडला ६,६६० ला. आता तो चौथ्या महिन्यात बंद पडला तर? आवाज बंद, पण सहा हप्ते अजून बाकी. हप्ता थकला की गटाच्या नोंदवहीत त्या ताईंच्या नावापुढे थकबाकी येते, आणि पुढच्या वेळी शेळीसाठी किंवा बियाण्यासाठी कर्ज मागताना तीच अडचण होते. आपली पंचसूत्री नियमित परतफेड सांगते. परतफेड नियमित राहायची असेल तर वस्तू घेतानाच डोळे उघडे ठेवायला हवेत.

मोठं नाव म्हणजे काय, छोटं नाव म्हणजे काय?

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची व्हिडिओकॉन. एके काळी आपल्या भागात घरोघरी याच नावाचा टीव्ही होता. नाव कुणाला सांगावं लागत नव्हतं. पण २०१८ साली ही कंपनी कर्जापायी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. म्हणजे नाव कितीही मोठं असलं तरी ती कायमची हमी नाही.

उलटही घडतं. तुमच्या मुलांना ‘बोट’ नावाचे हेडफोन आणि स्पीकर पाठ आहेत. काही वर्षांपूर्वी हे नाव बाजारात नव्हतं. चेन्नईची झेब्रॉनिक्स १९९७ पासून आहे, पण सुरुवातीला ती संगणकाला लागणाऱ्या सामानासाठी ओळखली जायची. आज तिचे स्पीकर छोट्या गावांतही दिसतात. प्रत्येक ओळखीचं नाव कधीतरी अनोळखी होतंच. त्यामुळे ‘नाव ऐकलेलं नाही, म्हणजे माल वाईट’ असं धरून चालू नका.

तिसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा, असं आज सर्रास चालतं आणि ते कायदेशीर आहे. कोडॅक ही अमेरिकेतली, कॅमेऱ्याच्या रिळांसाठी गाजलेली कंपनी. पण भारतात कोडॅक नावाचे टीव्ही बनवते ती नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स, नाव वापरायचा परवाना घेऊन. फिलिप्स नावाचे स्पीकरसुद्धा गेली काही वर्षं टीपीव्ही ही वेगळी कंपनी परवान्यावर विकते. छोट्या ब्रँडचं तर असंच असतं. एखादा कारखाना एकच स्पीकर बनवतो, आणि पाच व्यापारी त्यावर आपापल्या नावाचं स्टिकर लावतात. पाच नावं, पाच किंमती, आत तोच माल.

म्हणून नावाकडे बघून भुलू नका आणि घाबरूही नका. नावाच्या मागे कोण आहे ते शोधा. ते सापडतं डब्याच्या पाठीवर.

डब्याची पाठ वाचा

डब्याच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते. कायद्याने द्यावी लागणारी माहिती मागच्या बाजूला किंवा तळाला, बारीक अक्षरात असते. पॅकबंद मालासाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. त्यानुसार बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, वस्तूचं नाव आणि नगसंख्या, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत म्हणजे एमआरपी, आणि तक्रारीसाठी फोन नंबर व ईमेल, एवढं द्यावंच लागतं. बाहेरच्या देशातून आलेला असेल तर देशाचं नावही लागतं. यातली काही माहिती आता क्यूआर कोडमध्येही दिलेली असू शकते, तेव्हा मोबाईलने तो कोड उघडून बघा.

आता यातून परीक्षा कशी करायची? तीन कामं करा.

एक, पत्ता बघा. गाळा नंबर, रस्ता, शहर, पिनकोड असं सगळं आहे, की नुसतं ‘मेड इन इंडिया’ आणि ‘दिल्ली’? पत्ताच अर्धवट असेल तर बिघडल्यावर माल पाठवणार कुठे?

दोन, दुकानातच उभं राहून तक्रारीचा नंबर लावा. लाजू नका. "तुमच्या या मॉडेलची सर्व्हिस नाशिक जिल्ह्यात कुठे होते?" एवढंच विचारा. फोन उचलला, मॉडेलचं नाव ओळखलं आणि गावाचं नाव सांगितलं, तर कंपनी जागेवर आहे असं समजा. नंबर बंद असेल तर तुमचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

तीन, डब्यावर किंवा बिलावर जीएसटी नंबर असेल तर तो बघा. हा १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा नंबर टाकला की व्यवसायाचं नाव, नोंदणी कोणत्या तारखेची आणि ती चालू आहे की रद्द, हे कुणालाही फुकट दिसतं. कॉलेजात जाणारी मुलगी दोन मिनिटांत बघून देईल. कंपनी ‘पंचवीस वर्षांची परंपरा’ सांगते आणि नोंदणी मागच्या वर्षीची दिसते, तर दुकानदाराला कारण विचारा.

आणि एमआरपीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. एमआरपी ठरवतो तो बनवणारा किंवा आयात करणारा. त्यापेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे, पण छापलेला आकडा वाजवी असलाच पाहिजे असं काही नाही. १४,९९९ वर काट मारून ३,४९९ लिहिलेलं असेल तर तुमचे साडेअकरा हजार वाचले असं समजू नका. ती वस्तू ३,४९९ ची आहे. तेवढ्याला परवडते का, एवढाच हिशोब करा.

कोणत्या शिक्क्याला किती किंमत?

डब्यावर गोल, चौकोनी बरेच शिक्के असतात. सगळ्यांचा अर्थ सारखा नाही.

भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएसची नोंदणी सगळ्यात महत्त्वाची. ब्लूटूथ स्पीकर, त्यातली लिथियम बॅटरी आणि सोबतचा अ‍ॅडाप्टर यांना ही नोंदणी सक्तीची आहे. चिन्हाजवळ ‘आयएस’ आणि मानकाचा क्रमांक असतो, आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरानंतर आठ आकडे असतात. मोबाईलमध्ये ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अ‍ॅप घेऊन त्यात हा आर-नंबर टाका. कोणत्या कारखान्याला, कोणत्या वस्तूसाठी आणि कोणत्या ब्रँडसाठी नंबर दिला ते दिसतं. इथे एक चलाखी होते. नंबर असतो फक्त अ‍ॅडाप्टरचा, आणि सांगितलं जातं की पूर्ण स्पीकरच बीआयएसचा आहे. म्हणून वस्तूचं आणि ब्रँडचं नाव जुळतंय ना, ते बघाच. ही नोंदणी शॉक लागणं, पेट घेणं अशा धोक्यांपासूनच्या सुरक्षिततेसाठी आहे. आवाज गोड आहे असं ती सांगत नाही. पण घरात लहान मुलं असताना सुरक्षितता आधी.

‘आयएसओ ९००१’ हे कंपनीच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, त्या स्पीकरच्या दर्जाचं नाही. ‘सीई’ हे युरोपच्या बाजारासाठीचं चिन्ह आहे आणि बऱ्याच वस्तूंवर ते बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. नावाच्या डोक्यावर बारीक ‘टीएम’ असेल तर त्याचा अर्थ एवढाच की हे नाव आमचं आहे असा दावा आहे. असं कुणीही लिहू शकतं. वर्तुळातलं ‘आर’ हे मात्र नाव नोंदवलं गेल्यावरच लावता येतं. तेही नावाच्या मालकीबद्दल बोलतं, मालाबद्दल नाही. ‘जर्मन टेक्नॉलॉजी’, ‘जपानी साउंड’ या शब्दांना शिक्का मानूच नका.

नाव मोठ्या कंपनीसारखं दिसतं पण एखादं अक्षर बदललेलं आहे, असं आढळलं तर तो डबा तिथेच ठेवा. ज्याला स्वतःच्या मालाबद्दल खात्री आहे तो दुसऱ्याच्या नावाची नक्कल करत नाही.

वॅटचा खेळ

आता दुसरा प्रश्न, लिहिलंय तेवढं आत आहे का? सगळ्यात जास्त फसवणूक वॅटमध्ये होते.

डब्यावर मोठ्या अक्षरात असतं ‘१०,००० वॅट पीएमपीओ’. पीएमपीओ म्हणजे क्षणभराचा, कागदावरचा सगळ्यात मोठा आकडा. तो कसा मोजायचा याचं ठरलेलं मानक नाही, त्यामुळे ज्याला जो वाटेल तो आकडा छापतो. आपल्याला हवा असतो ‘आरएमएस’ वॅट, म्हणजे स्पीकर सतत किती ताकदीने वाजू शकतो तो आकडा. तो बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच.

हा खेळ नवा नाही. अमेरिकेत कंपन्या असेच फुगवलेले आकडे छापायच्या, म्हणून तिथल्या सरकारला १९७४ साली घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटसाठी खास नियम करावा लागला. आपण मात्र घरच्या घरी हिशोब करू शकतो.

तुमच्या मिक्सरवर बघा, ५०० वॅट लिहिलेलं असतं. १०,००० वॅट म्हणजे एकाच वेळी वीस मिक्सर. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त साधारण १,४०० वॅट घेता येतात. मग त्या बारीक वायरच्या स्पीकरमध्ये १०,००० वॅट येतील कुठून?

आता स्पीकरच्या मागचं स्टिकर किंवा अ‍ॅडाप्टर वाचा. तिथे ‘१२ व्होल्ट २ अँपिअर’ असं काहीतरी असतं. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा. १२ गुणिले २ म्हणजे २४ वॅट. विजेवर चालणारा स्पीकर जेवढी वीज आत घेतो त्यापेक्षा जास्त ताकद सतत बाहेर देऊ शकत नाही. विहिरीत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त उपसा रोज चालत नाही, तसंच हे. आत २४ वॅट आणि डब्यावर १०० वॅट आरएमएस असेल, तर दुकानदाराला तिथेच विचारा.

बॅटरीवरच्या स्पीकरचा हिशोबही असाच. बॅटरीवर ‘३.७ व्होल्ट १,२०० एमएएच’ लिहिलंय. १,२०० ला हजाराने भागा, १.२ आले. त्याला ३.७ ने गुणा, साधारण साडेचार वॅट-तास. असा स्पीकर खरोखर १० वॅटने वाजवला तर अर्धा तासही चालणार नाही. ‘आठ तास बॅटरी’ म्हणजे अगदी हळू आवाजात आठ तास. कीर्तनाला मोठ्याने लावायचा असेल तर हा हिशोब आधी करा.

आणि गरज तरी किती असते? घरातल्या खोलीला खरे १० ते २० वॅट भरपूर होतात. मंदिराच्या सभामंडपात तीस-चाळीस बायकांची बैठक असेल तर साधारण ३० ते ४० खरे वॅट पुरतात. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज कानाला दुप्पट वाटतो असंही नाही. ५० चे १०० वॅट केले तर फक्त ३ डेसिबलचा फरक पडतो, तो कानाला थोडासाच जाणवतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. मोठ्या आकड्यासाठी दिलेले जास्तीचे पैसे बहुतेक वेळा वायाच जातात. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या.

कानाची परीक्षा

दुकानदार नेहमी त्याचा पेनड्राइव्ह लावतो. त्यात धडाधड वाजणारी डीजेची गाणी असतात. त्यावर कुठलाही स्पीकर भारी वाटतो. तुम्ही तुमचा मोबाईल किंवा पेनड्राइव्ह न्या. त्यात तीन गोष्टी असू द्या. तुम्हाला पाठ असलेलं एखादं भजन, आकाशवाणीच्या बातम्यांसारखं नुसतं बोलणं, आणि एक ढोलकीचं गाणं. मग असं करा.

आधी काही न लावता आवाज पूर्ण वाढवा आणि कान जवळ न्या. ‘हुं’ असा घोंगाट जोरात येत असेल तर आतला वीजपुरवठा हलका आहे.

मग बातम्या लावा आणि दहा पावलं लांब उभ्या राहा. शब्द न शब्द कळला पाहिजे. गटाच्या बैठकीला, प्रशिक्षणाला बोलणंच ऐकायचं असतं. नुसता धमधम बेस असलेला स्पीकर तिथे काही कामाचा नाही.

मग भजन लावा. टाळ वेगळे, मृदंग वेगळा, गळा वेगळा ऐकू येतो का? सगळ्याचा काला होत असेल तर सोडून द्या.

शेवटी ढोलकीचं गाणं पूर्ण आवाजात पाच मिनिटं चालू द्या. फाटल्यासारखा आवाज, खोक्याची थरथर, गरम प्लास्टिकचा वास, यातलं काही आलं तर नको म्हणा.

ब्लूटूथ जोडून मोबाईल हातात घ्या आणि दुकानाच्या दारापर्यंत चालत जा. मध्येच तुटतो का ते बघा. माईक असेल तर स्वतः बोला. स्पीकर उचलून वजनही बघा. आकाराने मोठा आणि हाताला फुलासारखा हलका असेल तर आतलं चुंबक आणि खोकं दोन्ही हलकं असण्याची शक्यता जास्त. आणि डब्याबाहेरचा शोपीस ऐकलात, तरी घरी न्यायचा नग तुमच्या समोर उघडून, वाजवूनच घ्या.

दारावर येणारी गाडी

एक इशारा वेगळा देते. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात गेली चाळीसेक वर्षं एक फसवणूक चालते. पांढऱ्या गाडीतून माणसं येतात. सांगतात, "गोदामातून चुकून दोन स्पीकर जास्त आलेत, मालकाला माहीत नाही, निम्म्याहून कमी पैशात देतो." हातात चकचकीत माहितीपत्रक असतं, त्यावर भलीमोठी किंमत आणि मोठ्या कंपनीसारखं वाटणारं नाव. माल अगदीच हलका निघतो आणि गाडी पुन्हा दिसत नाही.

ही युक्ती ओळखायला सोपी आहे, मग ती गाडी कुठलीही असो, आठवडी बाजारातली नाहीतर घरासमोरची. तीन खुणा आहेत. आजच घ्या, उद्या मिळणार नाही, अशी घाई. स्वस्त का, याचं गोष्टीसारखं कारण. आणि बिल नाही. या तिन्ही एकत्र दिसल्या की स्पीकर वाजवूनसुद्धा बघू नका. "आमच्या गटाची बैठक होऊ द्या, मग सांगतो" म्हणा. खरा विक्रेता पत्ता देऊन जाईल.

बिघडला तर कोण?

तिसरा प्रश्न हाच खरा किमतीचा प्रश्न आहे. स्पीकर घ्यायच्या आधी तुमच्या गावातल्या किंवा नांदगावातल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जा. दहा मिनिटं बसा. "या नावाचे तुमच्याकडे दुरुस्तीला येतात का? काय जातं? सामान मिळतं का?" त्याला कंपनीच्या जाहिरातीशी देणंघेणं नसतं. उघडलेलं खोकं त्याने पाहिलेलं असतं.

इथे छोट्या ब्रँडची एक जमेची बाजू आहे. बऱ्याच लोकल होम थिएटरमध्ये साधे, सगळीकडे मिळणारे भाग असतात. ४४४० नंबरची आयसी तर कारागिरांच्या रोजच्या हाताखालची. ती गेली तर थोडक्या पैशात बदलते. याउलट काही नावाजलेले छोटे ब्लूटूथ स्पीकर डिंकाने चिकटवलेले असतात. बॅटरी गेली की कारागीर हात वर करतो. म्हणून स्क्रूने उघडणारा, बॅटरी बदलता येणारा स्पीकर आपल्या कामाचा, नाव काही का असेना.

वॉरंटी कार्डही नीट वाचा. किती महिने? बॅटरीची वेगळी आणि कमी आहे का? कारागीर घरी येणार की आपण न्यायचं? कुरिअरचा खर्च कुणाचा? पाणी जाणं, उंदराने वायर कुरतडणं, व्होल्टेज वरखाली होणं हे वॉरंटीत सहसा बसत नाही. कार्डावर तारीख, नगाचा अनुक्रमांक आणि दुकानाचा शिक्का घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

स्वस्त कोणता?

आता हिशोब मांडू. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

पहिला स्पीकर ३,२०० चा, पत्ता नाही, सर्व्हिस नाही. आठ महिने चालला. महिन्याला पडला ४०० रुपये.

दुसरा ओळखीच्या कंपनीचा ६,००० चा. पाच वर्षं चालला. महिन्याला १०० रुपये.

तिसरा अनोळखी नावाचा ४,००० चा, पण पत्ता खरा, आर-नंबर जुळणारा, दुरुस्ती गावात. मध्ये एकदा ५०० रुपये दुरुस्ती झाली. तीन वर्षं चालला. महिन्याला १२५ रुपये.

बघा, पहिला आणि तिसरा, दोघांचंही नाव तुम्ही ऐकलेलं नव्हतं. फरक पडला तो त्यामागे उभं राहणारं कुणी आहे की नाही याने. आणि ज्या ताईंकडे एकदम ६,००० नाहीत त्यांच्यासाठी तिसरा स्पीकर अगदी योग्य आहे.

गटाची खरेदी असेल तर

गटाचा किंवा ग्रामसंघाचा पैसा असेल तर एकटीने ठरवू नका. बैठकीत विषय घ्या, कशासाठी पाहिजे ते ठरवा, इतिवृत्तात ठराव लिहा. तीन दुकानांची लेखी दरपत्रकं आणा. दोन-तीन जणी मिळून जा, त्यातली एक वाचणारी, एक कान देऊन ऐकणारी आणि एक घासाघीस करणारी असू द्या. बिल गटाच्या नावाने घ्या. स्पीकर कुणाकडे राहील, वापरून परत कधी द्यायचा, बिघडला तर खर्च कुठून, हेही त्याच ठरावात लिहा.

चार-पाच गटांना स्पीकर हवे असतील तर एकत्र जा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते आहे. कुटुंबांचे गट करून एकत्र माल घेते, त्यामुळे भाव आणि दर्जा दोन्हीवर बोलता येतं. एका गिऱ्हाइकाला दुकानदार "घ्यायचं तर घ्या" म्हणतो. पाच नग घेणाऱ्यांना तो खुर्ची देतो.

बिल हे तुमचं हत्यार

"बिल घेतलं तर जास्त पडेल" असं दुकानदार म्हणाला, तरी बिल घ्याच. छोट्या दुकानदाराकडे जीएसटी नंबर नसू शकतो, पण दुकानाचं नाव, पत्ता, तारीख, मॉडेल, अनुक्रमांक आणि रक्कम असलेलं बिल त्याने दिलंच पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा तशीच. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यावा लागतो. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी बघून मुकाट घरी येऊ नका.

बिघाड झाला तर आधी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तरी त्याची नोंद राहते. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. तरीही काही झालं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. दुकान किंवा कंपनी दुसऱ्या गावची असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. पण हे सगळं बिल असेल तरच सोपं जातं.

दुकानात नेण्यासाठी चिठ्ठी

हे सगळं लक्षात ठेवायला जड वाटत असेल तर एवढंच एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

१. पत्ता पूर्ण आहे का? तक्रारीचा फोन लागला का?
२. आर-नंबर बीआयएस केअरवर जुळला का?
३. आरएमएस वॅट किती? व्होल्ट गुणिले अँपिअर किती?
४. आपलं भजन, बातम्या, पूर्ण आवाज, तिन्ही ऐकलं का?
५. गावात दुरुस्त होतो का? कारागिराला विचारलं का?
६. बिल आणि शिक्क्याचं वॉरंटी कार्ड हातात आलं का?

सहापैकी पहिल्या, दुसऱ्या किंवा सहाव्या प्रश्नाला ‘नाही’ आलं, तर भाव कितीही कमी असो, परत फिरा. बाकीच्यांत एखादं ‘नाही’ असेल तर त्याप्रमाणे भाव कमी करून मागा. सगळ्यांना ‘हो’ आलं, तर नाव अनोळखी असलं तरी घ्यायला हरकत नाही.

पुढच्या मासिक बैठकीत ज्यांच्या घरी स्पीकर, मिक्सर, पंखा यातलं काहीही आहे त्यांनी त्याचं मागचं स्टिकर वाचून, आकडे कागदावर लिहून आणा. व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार आपण सगळ्या मिळून करू. एकदा घरच्या वस्तूवर हात बसला की दुकानात अडायला होणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, नांदगाव